कुमार गंधर्वांचा वाचलेला गळा

मांडू पाहून येणारी आपली मंडळी बाजबहादूर-रूपमतीच्या गाण्याच्या गोष्टी रंगवून सांगतात. त्याच माळव्याच्या पठारावर, देवासला, आपल्याच काळातल्या एका गवयाचा गळा कसा वाचला, हे मात्र थोड्यांनाच नीट ठाऊक असते.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म 1924 साली बेळगावजवळ सुळेभावीस झाला. बालपणीच ते कुमार गंधर्व म्हणून गाजले. पुढे मुंबईस देवधर मास्तरांपाशी शिकले. 1947 साली भानुमतीबाईंशी विवाह झाला, आणि पाठोपाठ क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी 1948 साली ते देवासला आले. डॉक्टरांनी गाणे बंद केले. भानुमतीबाई शुश्रूषा करीत, आणि अंथरुणावरून कुमारजी माळवी लोकगीते ऐकत.

देवासच्या हवेने ते बरे झाले असे आमच्या गवयांत सांगतात. मला ते पटत नाही. 1952 च्या सुमारास त्यांस मिळालेले स्ट्रेप्टोमायसिन हे खरे कारण. अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ यांनी 1943 साली मातीतल्या सूक्ष्म जीवापासून ते मिळविले होते. क्षयाचा जंतू हा जिवाणू. त्याच्या पोटात प्रथिने घडविण्याचे स्वतःचे यंत्र असते. औषध त्या यंत्रास चिकटले की ते लिहिलेली चीज चुकीची वाचू लागते, भलतीच प्रथिने बनतात आणि जंतू मरतो. आपल्या पेशीतले यंत्र निराळ्या घडणीचे, म्हणून रोगी वाचतो. (फार दिवस घेतल्यास कानास अपाय होतो, ही गवयाला धास्तीच.)

विषाणूपाशी असे यंत्रच नाही. तो आपल्या पेशीत बिऱ्हाड करून आपलेच यंत्र राबवितो. मग औषधाने धरावे काय? माझे विद्यार्थी पडसे झाले, उद्या परीक्षा आहे, म्हणून दुकानातून असल्या गोळ्या आणतात. साधे पडसे विषाणूंचे. त्यावर त्या फुकट, आणि अंगातले जिवाणू मात्र त्या औषधाला निर्ढावतात. कुमारजींना विषाणूचा रोग असता, तर तेच स्ट्रेप्टोमायसिन पाण्यासारखे गेले असते.

1953 साली ते पुन्हा मैफलीत बसले. एक फुफ्फुस निकामी झाले होते. लांब दमाच्या ताना सोडून त्यांनी छोट्या, तुटक, झळाळत्या फेकी घेतल्या. काही जुन्या जाणकारांनी नाके मुरडली, आमच्या वडिलांनीही. 1965 साली 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाला. 12 जानेवारी 1992 रोजी देवासलाच ते वारले. जवळजवळ चाळीस वर्षे ते त्या एका फुफ्फुसावर गायले.