विश्लेषण : विष पोटात, मग तपासणी यकृताची का? व्हिसेरामागचे डॉक्टर मातेओ ऑर्फिला कोण होते?

भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावात संशयास्पद मृत्यू झाला, की पंचनामा होतो, शवविच्छेदन होते आणि व्हिसेरा राखून ठेवल्याची एक ओळ बातमीत येते. व्हिसेरा म्हणजे जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड यांचे नमुने. बहुतेक वेळा ते मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात आणि सीलबंद बाटल्या नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. विष तर पोटात जाते, मग यकृत कशाला? याचे उत्तर पॅरिसमधील एका स्पॅनिश डॉक्टरांनी १८३९ च्या सुमारास दिले.

कॉफीत फसलेला प्रयोग

मातेओ ऑर्फिला यांचा जन्म २४ एप्रिल १७८७ रोजी भूमध्य समुद्रातील मिनोर्का बेटावर झाला. वडील व्यापारी. मुलाने जहाजावर जावे ही त्यांची इच्छा, पण मुलाचा ओढा रसायनशास्त्राकडे. व्हॅलेन्सिया आणि बार्सिलोनात शिकून शिष्यवृत्तीवर ते १८०७ मध्ये पॅरिसला पोहोचले. पुढच्याच वर्षी फ्रान्स-स्पेन युद्ध पेटले आणि घरचा आधार तुटला. तरी ते तिथेच राहिले. १८११ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवली आणि पोटासाठी रसायनशास्त्राचे खासगी वर्ग घेऊ लागले.

अशाच एका वर्गात, १८१३ मध्ये, त्यांनी कॉफीत सोमल म्हणजे आर्सेनिक मिसळून ते ओळखण्याची चाचणी दाखवायला घेतली. पाण्यात हमखास येणारा साका कॉफीत आलाच नाही. वर्गासमोर फजिती झाली, पण त्यातला धोका त्यांच्या लक्षात आला. अन्नात किंवा शरीरात मिसळलेले विष पुस्तकातल्या चाचण्यांना सापडत नसेल, तर अशा चाचण्यांवर न्यायालये निकाल कसे देत होती? त्यांनी एकेक विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग केले. ती वर्णने आज वाचवत नाहीत. त्यातून १८१४ पासून विषांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि आधुनिक विषशास्त्राची पायाभरणी झाली. १८१९ मध्ये ते पॅरिसमध्ये न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक झाले, १८३१ मध्ये वैद्यक विद्याशाखेचे प्रमुख.

इंग्लंडमध्ये जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये आर्सेनिकचा अगदी सूक्ष्म अंशही दाखवणारी चाचणी शोधली. ती वापरून ऑर्फिला यांनी सिद्ध केले, की विष जठरात थांबत नाही. ते रक्तातून यकृत, प्लीहा, मूत्रपिंडापर्यंत पोहोचते. उलट्यांनी पोट रिकामे झाले तरी अवयव साक्ष देतात.

एका बाईचा जीव, एका तज्ज्ञाचा शब्द

१८४० मध्ये फ्रान्समधील त्यूल येथे मारी लाफार्ज या २४ वर्षांच्या तरुणीवर पतीला आर्सेनिक दिल्याचा खटला चालला. स्थानिक रसायनतज्ज्ञांचे निष्कर्ष परस्परविरोधी होते. आधी विष आहे म्हणाले, मग नाही. पुरलेला मृतदेह उकरून तपासला, तरी नाही. अखेर ऑर्फिला यांना बोलावण्यात आले. न्यायालयाच्या इमारतीतच रात्रभर काम करून त्यांनी शरीरात आर्सेनिक असल्याचे सांगितले. ते रसायनांतून आलेले नाही, थडग्याच्या मातीतूनही नाही, असेही स्पष्ट केले. मारीला जन्मठेप झाली. बचाव पक्षाचे तज्ज्ञ फ्रान्स्वा रास्पाय पोहोचले तेव्हा निकाल लागून गेला होता.

या निकालावर फ्रान्समध्ये बराच काळ वाद झाला, आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता. निरोगी माणसाच्या हाडांत मुळातच आर्सेनिक असते, असे ऑर्फिला तेव्हा मानत. हा दावा पुढे टिकला नाही, त्यांनाच तो मागे घ्यावा लागला. वापरायची रसायने आधी तपासा, हा त्यांचा धडा मात्र टिकला. म्हणूनच आजही व्हिसेरासोबत नुसत्या द्रावणाचा वेगळा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात.

भंडाऱ्याशी संबंध काय?

पुरलेले मृतदेह उकरून तपासण्याच्या पद्धतीवरही ऑर्फिला यांनी १८३१ मध्ये सहलेखकासह ग्रंथ लिहिला. अशा वेळी मृतदेहाभोवतीची मातीही तपासायला घेतात, कारण मातीत आर्सेनिक असू शकते. आपल्याकडे त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पण उकरून केलेली तपासणी पहिल्या शवविच्छेदनाची जागा घेऊ शकत नाही, हे भंडारा जिल्ह्याने सोसले आहे. २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात पहिल्या शवविच्छेदनातील हलगर्जीवर टीका झाली, मृतदेह उकरून पुन्हा शवविच्छेदन करावे लागले. तोवर ते कुजले होते, आणि जे पुरावे पहिल्या दिवशी मिळू शकले असते ते नंतर मिळणे अवघड होते.

विष सापडलेच नाही तर? मुंबईत रासायनिक परीक्षकाची सरकारी प्रयोगशाळा १८७० मध्ये सुरू झाली. पण १९५६ च्या डॉ. अनंत लागू प्रकरणात शवविच्छेदन उशिरा झाले आणि तपासणीत विष आढळले नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये परिस्थितिजन्य पुराव्यावर फाशी कायम ठेवली. आरोपीचे आधीचे आणि नंतरचे वागणेच निर्णायक ठरले.

ऑर्फिला यांना १८४८ च्या क्रांतीनंतर विद्याशाखेच्या प्रमुखपदावरून हटवण्यात आले. मारी लाफार्ज १८५२ मध्ये आजारी अवस्थेत तुरुंगातून सुटली आणि त्याच वर्षी वारली. पुढच्या वर्षी, १२ मार्च १८५३ रोजी, पॅरिसमध्ये ऑर्फिला यांचेही निधन झाले.