चिंतामणराव देशमुख

पेणच्या दक्षिणेस, कुंडलिका नदीच्या काठी रोहे हे गाव वसले आहे. थोर अर्थतज्ज्ञ चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे हे गाव. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते येथे झाला. वडील वकिली करीत असत. १९१२ साली चिंतामणराव मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. पुढे शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

१९५० मध्ये चिंतामणराव भारताचे अर्थमंत्री झाले. नियोजन आयोगाचेही ते सदस्य होते. तो काळ मोठा कठीण होता. धान्य परदेशातून आणावे लागत होते. फाळणीमुळे लाखो कुटुंबे निराधार झाली होती. कोठे धरण हवे होते, कोठे रेल्वे, तर कोठे शाळा. प्रत्येक मागणी रास्त होती. पण तिजोरी एकच होती. भरमसाट नोटा छापल्या असत्या, तर महागाई भडकून गरिबांच्याच तोंडचा घास गेला असता.

म्हणून कोणते काम आधी व कोणते मागून, हे ठरवणे भाग होते. १९५१ ते १९५६ या काळातील पहिल्या पंचवार्षिक योजनेत तसा क्रम लावण्यात आला. भाक्रा-नांगल, हिराकूड यांसारख्या चालू कामांना अग्रक्रम मिळाला. कारण अर्धवट धरणात पैसा अडकून पडतो आणि शेत मात्र कोरडेच राहते. १९५२ च्या आराखड्यात एकूण खर्च २०६९ कोटी रुपयांचा होता. त्यांपैकी पाटबंधारे व वीज यांसाठी ५६१ कोटी, शेती व ग्रामविकासासाठी ३६१ कोटी, तर उद्योगांसाठी १७३ कोटी रुपये ठेवले गेले. कारखान्यांना थांबावे लागले. परंतु आधी अन्न हवे होते. योजनेच्या पाच वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १८ टक्क्यांनी वाढले.

१९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचे घाटत होते. तेव्हा चिंतामणरावांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. तेथेही मर्यादित निधी अनेक विद्यापीठांत वाटण्याचेच काम त्यांच्याकडे आले. १९५९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

गरजा अनेक व साधने थोडी असताना सर्वांना एकाच वेळी संतुष्ट करता येत नाही. अशा वेळी विचारपूर्वक क्रम ठरवावा आणि हाती घेतलेले काम तडीस न्यावे, हाच धडा त्यांच्या कार्यातून मिळतो.