विश्लेषण : आकाशवाणीची ‘ती’ धून कोणाची? मुंबईत आसरा घेतलेल्या वॉल्टर कॉफमन यांची गोष्ट

पहाटे आकाशवाणी सुरू होताना तंबोऱ्यावर वाजणारी व्हायोलिनची धून आठवते? अनेक घरांची सकाळ तिनेच उजाडायची. या धूनचे श्रेय दिले जाते ते वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराला.

कोण होते कॉफमन?

जन्म १९०७, कार्ल्सबाड (आजच्या चेक प्रजासत्ताकात). संगीताचे शिक्षण बर्लिनमध्ये. पुढे प्रागमध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला; पण मार्गदर्शक प्राध्यापक नाझी असल्याचे कळताच पदवी नाकारली.

भारतच का?

भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी पहिल्यांदा ऐकल्या, तेव्हा त्यांना काहीच उमगले नाही. लाखो लोकांना जे आवडते ते आपल्याला कळत नसेल, तर दोष आपल्या कानाचा, असे त्यांनी मानले. तोवर जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. १९३४ मध्ये कॉफमन मुंबईत उतरले. थोडे दिवस राहायला आलेला माणूस १२ वर्षे राहिला.

मुंबईत काय केले?

मेहली मेहता (झुबिन मेहतांचे वडील) यांच्या साथीने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ उभारली. दर गुरुवारी मैफल होई. १९३७ पासून ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते.

महायुद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी भारतातील जर्मन-ऑस्ट्रियन नागरिकांची धरपकड केली. अनेकांना आपल्या नगरच्या छावणीत ठेवले. गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांपैकीच. कॉफमन मात्र रेडिओवर काम करत राहिले. युरोपीय घाटाच्या रचनांत ते रागांचे सूर गुंफत होते.

पुढे काय झाले?

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. कॅनडातील विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे ते पहिले संगीत दिग्दर्शक झाले. नंतर अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठात शिकवताना उत्तर आणि दक्षिण भारतीय रागांवर ग्रंथ लिहिले. १९८४ मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांच्या बहुतेक रचना अप्रकाशित होत्या.

आता चर्चा का?

२०२० मध्ये टोरोंटोच्या ‘एआरसी आन्सांब्ल’ने त्यांच्या रचनांचा अल्बम काढला. त्यानंतर बर्लिनच्या रेडिओ सिम्फनी ऑर्केस्ट्रानेही त्यांचा पियानो कॉन्चेर्तो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) ध्वनिमुद्रित केला. सोबत ‘इंडियन सिम्फनी’ही आहे. ज्या शहरात ते शिकले, पण जिथे नाझी राजवटीत त्यांना जागा उरली नाही, तिथल्याच वादकांनी त्यांचे सूर पुन्हा वाजवले.