विश्लेषण : किर्लोस्करांचा नांगर, ओला साचा आणि लोखंडात शिरणारा हायड्रोजन

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी नावाचे रेल्वे स्थानक आहे. १९१० पूर्वी या नावाचे गावच नव्हते, स्थानकाला कुंडल रोड म्हणत. भोवती निवडुंग, दगड आणि साप. त्या माळावर लोखंड वितळवून नांगर ओतण्याचे धाडस लक्ष्मणराव किर्लोस्करांनी केले. ओतकामात लोखंडासोबत एक न दिसणारा वायूही सांभाळावा लागतो. तो म्हणजे हायड्रोजन.

चित्रकार व्हायचे होते, मग यंत्रांकडे कसे वळले?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. मात्र काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते. रंग सुटले, पण रेखाटन सुटले नाही. ते यांत्रिक आरेखन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. १८८८ मध्ये त्यांनी बंधू रामूअण्णांसह बेळगावात सायकलचे दुकान सुरू केले. पुढे बढतीत डावलले गेल्याने नोकरी सोडून ते पूर्णवेळ धंद्यात उतरले.

शेतकरी नांगर का घेत नव्हते?

कडबा कापण्याच्या यंत्रानंतर लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. पण लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, अशी भीती शेतकऱ्यांना होती. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली. नांगर चांगला आहे हे बोलून पटणारे नव्हते, तो शेतात टिकायला हवा होता. फाळ एका हंगामात मोडला असता, तर शंका खरी ठरली असती.

कारखाना औंध संस्थानात कसा आला?

उपनगर वसवायचे म्हणून बेळगावातील जागा सोडावी लागली. त्या वेळी लक्ष्मणरावांकडे औंधच्या देवीच्या मंदिरातील सभामंडपाचे काम होते. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळची ३२ एकर पडीक जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. मार्च १९१० मध्ये मोजक्या सहकाऱ्यांसह वसाहत उभी राहू लागली.

लोखंडात हायड्रोजन शिरतो कसा?

नांगराचे भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. भट्टीत लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. साचा, पळी किंवा कोळसा ओला असेल, तर तप्त लोखंडाला पाण्याची वाफ भेटते. लोखंड वाफेतील ऑक्सिजन खेचून घेते आणि सुटा झालेला हायड्रोजन अणूंच्या रूपात रसात विरघळतो. हा अतिशय लहान अणू असल्याने धातूच्या अणूंमधल्या फटींत तो सहज मावतो.

अडचण पुढे येते. पातळ लोखंडात जेवढा हायड्रोजन मावतो, त्यापेक्षा बराच कमी घट्ट लोखंडात मावतो. रस गोठू लागला की जास्तीचा वायू बाहेर पडू पाहतो. दोन अणू एकत्र येऊन बुडबुडा होतो आणि तो आत अडकतो. वरून भाग गुळगुळीत दिसतो, पण थोडा थर घासला की टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात. काळ्या रानात दगड लागला, तर असा भाग याच जागी तडकू शकतो.

यावर उपाय काय?

उपाय साधे आहेत, पण रोज पाळावे लागतात. पळी आधी तापवून कोरडी करायची, वाळूत पाणी मोजूनच घालायचे, साच्याला वायू बाहेर जाण्यासाठी छिद्रे ठेवायची आणि गंजलेले भंगार टाळायचे. गंजातही पाण्याचा अंश असतो.

भंगार टाळणे मात्र नेहमी शक्य नसते. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्या, हा प्रसंग या भागात आजही सांगितला जातो.

सर्व धातू असेच वागतात का?

नाही. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६०च्या दशकात दाखवले की पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन सामावतो. लँथॅनम आणि निकेलचा मिश्रधातू हायड्रोजन घेतो आणि गरम केल्यावर परत देतो. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी याच गुणावर चालते. उलट, अतिकठीण पोलादात अगदी थोडा हायड्रोजन गेला तरी ते ठिसूळ होते. मुलामा दिलेले असे बोल्ट म्हणूनच भट्टीत काही तास तापवून त्यातील हायड्रोजन काढतात. हायड्रोजन इंधनाच्या टाक्या आणि नळ्यांपुढेही हाच प्रश्न आहे.

लक्ष्मणरावांचे पुढे काय झाले?

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी स्थापन झाली. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीतून अभियंता होऊन १९२६ मध्ये परतले. नांगरापाठोपाठ पंप आले आणि पाणी उपसण्याची रीत बदलली. पंपाच्या ओतीव कवचात भोक राहिले तर पाणी झिरपते, त्यामुळे ओतकाम आणखी काटेकोर करावे लागते. लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. ज्या माळावर निवडुंग होता, तेथे आजही पंप तयार होतात.