बाबा आमटे : जंतू मेल्यानंतरचा उपचार

कुष्ठरोगाच्या गोळ्या आज प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. आजाराच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर त्या नियमित घेतल्या की शरीरातले जंतू मरतात. वैद्यकीय नोंदीत रुग्ण बरा होतो. पण वाकडी झालेली बोटे गोळीने सरळ होत नाहीत, पावलांची गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही आणि घरात वेगळे ठेवलेले ताट लगेच इतरांच्या ताटांत मिसळत नाही. जंतू मेल्यानंतर त्या माणसाने जगायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर विदर्भात एका वकिलाने शोधले. तो डॉक्टर नव्हता, आणि कुष्ठरोगाला तो स्वतः प्रचंड घाबरत असे.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे झाला. घराणे जमीनदारांचे, वडील सरकारी अधिकारी. मुलाला काही कमी पडू दिले गेले नाही. कोवळ्या वयात हाती बंदूक आली, पुढे मोटार आली, तिच्या बैठका बिबट्याच्या कातड्याने मढवलेल्या. इंग्रजी चित्रपटांचे इतके वेड, की त्यांवर परीक्षणे लिहून ते परदेशी मासिकाला पाठवीत. कायद्याची पदवी घेतली, वकिली चांगली चालू लागली. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्यांचे खटले त्यांनी चालवले आणि स्वतःही तुरुंगात गेले. सेवाग्राम आश्रमाशी संबंध आला. रेल्वेत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या शिपायांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना अभय साधक म्हटले. १९४६ मध्ये इंदू घुलेशास्त्री यांच्याशी विवाह झाला. महाराष्ट्र त्यांना साधनाताई म्हणून ओळखतो.

हिंगणघाटहून बल्लारपूरकडे जाताना त्याच रेल्वेमार्गावर वरोरा लागते. तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना आमटे यांनी सफाई कामगारांसोबत डोक्यावरून मैला वाहिला. त्याच दिवसांत एका पावसाळी रात्री गटाराशेजारी पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. कुष्ठरोगाच्या शेवटच्या अवस्थेत त्याची बोटे झडलेली होती, जखमांत अळ्या पडल्या होत्या. अभय साधक तिथून पळाला.

हा प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो तो त्यांच्या परतण्यासाठी. पण पळून जाणेही तितकेच नीट पाहायला हवे. त्या काळी शिकल्यासवरलेल्या माणसालाही वाटे, की या रोग्याची सावलीसुद्धा बाधते. प्रत्यक्षात सुमारे ९५ टक्के माणसांना या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते आणि हा रोग फार हळू, दीर्घ सहवासातूनच पसरतो. हे आमटे यांना तेव्हा ठाऊक नव्हते. आपली भीती हीच त्यांना लाज वाटण्याजोगी गोष्ट वाटली. ते परत आले, तुळशीरामावर आडोसा उभारला आणि तो मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली. भीती एका रात्रीत गेली नाही, त्यासाठी पुढे त्यांना अभ्यास करावा लागला.

अभ्यासाची जागा जवळच होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठसेवेचे काम सुरू केले होते. वर्धा जिल्ह्याबाहेर दिवाणांचे नाव फारसे घेतले जात नाही, हा त्यांच्यावर अन्यायच आहे. आमटे तिथे काम शिकले. मग १९४९ मध्ये ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करायला गेले. वैद्यकीय पदवी नसलेला विद्यार्थी तिथे वेगळाच होता. या जंतूची एक मोठी अडचण अशी, की तो प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढत नाही. उंदराच्या पंजात तो वाढवण्याची पद्धत १९६० मध्ये सापडली, आर्माडिलो हा प्राणी त्याहूनही नंतर उपयोगी आला. १९४९ मध्ये संशोधकांपुढे वाटच नव्हती. आमटे यांनी त्यांना आपले शरीर देऊ केले आणि जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही. कोणत्याही डॉक्टरने आज अशा प्रयोगाला परवानगी देऊ नये. मात्र ज्याला स्पर्शाची भीती वाटत होती, त्याने तो जंतू रक्तात घेऊन पाहिला होता.

त्याच सुमारास सल्फोन गटातली औषधे आली आणि डॅप्सोनच्या गोळीने कुष्ठरोग प्रथमच आटोक्यात येऊ लागला. वरोऱ्याच्या परिसरात आमटे यांनी गावोगाव उपचार सुरू केले. माणसे बरी होऊ लागली आणि इथेच खरी अडचण उघड झाली. बरे झालेल्यांना घर परत घेईना. भीक मागणे हा एकच धंदा त्यांना येत होता.

अपंगांना काम शिकवून उभे करायचे, ही कल्पना जगाला नवी नव्हती. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक अंध आणि जायबंदी होऊन परतले, तेव्हा जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ मध्ये अंध सैनिकांसाठी वाटाड्या कुत्रे शिकवणारी शाळा निघाली. कुत्र्याला वळण लावायचे आणि सैनिकालाही कुत्र्यावर भरवसा ठेवून चालायला शिकवायचे, असे ते जोडीचे शिक्षण होते. मुंबईत १९१७ मध्ये अपंग भारतीय सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. पण युद्धात हात गमावलेल्याला लोक सलाम करतात. कुष्ठरोगाने बोटे गमावलेल्याला गावाबाहेर हाकलतात. दोघांच्या हातातली उणीव सारखीच असली, तरी कुष्ठरोग्यासाठी अशी शाळा काढावी असे फारसे कुणाला सुचले नव्हते.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सरकारकडून वरोऱ्याजवळ ५० एकर खडकाळ, झुडपी, साप-विंचवांची जमीन मिळाली. १९५१ मध्ये आमटे तिथे राहायला गेले. बरोबर साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये. उद्घाटन विनोबांनी केले. त्या जागेला आनंदवन हे नाव द्यायला धाडसच लागले असणार.

पहिले काम विहीर खणण्याचे होते. ज्यांच्या हातांना संवेदना नाही त्यांच्याकडून कुदळ-फावड्याचे काम करून घेणे ही वैद्यकीयदृष्ट्या नाजूक गोष्ट आहे. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडत नाहीत. मज्जातंतू निकामी झाल्यामुळे चटका, काटा, फोड काहीच जाणवत नाही. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोट आखडत जाते. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी त्याच काळात हे नीट दाखवून दिले. कोपराजवळचा मज्जातंतू गेला की करंगळी आणि अनामिका पंजासारखी वाकते. अशा हातात अवजार धरले तर सगळा दाब एकाच जागी येतो. म्हणजे काम केले तर जखम होते, आणि काम केले नाही तर सांधे आखडतात, स्नायू सुकतात. त्यातून वाट काढता येते, पण ती चिकाटीची आहे. अवजारांच्या मुठी जाड कराव्या लागतात, काम आलटूनपालटून द्यावे लागते, पायांत मऊ रबराच्या चपला हव्यात, आणि रोज संध्याकाळी तळहात-तळपाय डोळ्यांनी तपासावे लागतात. दुखत नसल्यामुळे वेदनेचे काम डोळ्यांना करावे लागते.

आनंदवनातली कामाची वाटणी काय उरले आहे ते पाहून होत असे. ज्याची दोनच बोटे चालतात त्याला त्या दोन बोटांचे काम द्यायचे. एकाला दिसत नसेल तर दिसणाऱ्याने वाट दाखवायची, आणि दिसणाऱ्याला जे उचलता येत नाही ते पहिल्याने उचलायचे. जुन्या रुग्णाने नव्याला शिकवायचे. शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, सुतारकाम, बांधकाम असे एकेक वाढत गेले. सुरुवातीला इथली भाजी वरोऱ्याच्या बाजारात कुणी घेईना. पिकवणाऱ्या हातांची लोकांना किळस वाटे. ते बदलायला वेळ लागला. पन्नासच्या दशकात परदेशी स्वयंसेवकांनी येऊन रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या आणि त्यांच्याबरोबर जेवले, याचाही गावावर परिणाम झाला. पुढे तिथेच महाविद्यालय निघाले. त्याच्या भिंती कुष्ठमुक्तांनी बांधल्या आणि गावातली मुले तिथे शिकायला येऊ लागली. अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा झाल्या, अपंगांना व्यवसाय शिकवणारे संधिनिकेतन झाले. सोमनाथ आणि हेमलकसा हे प्रकल्पही त्यातूनच निघाले.

एक आक्षेप इथे नोंदवायला हवा. रुग्णांची वेगळी वसाहत करणे आजच्या सार्वजनिक आरोग्याच्या विचारात बसत नाही. रुग्णाने आपल्याच घरी राहून औषध घ्यावे, हेच योग्य. पण १९५१ मध्ये ज्याला घरच उरले नव्हते, त्याला हा सल्ला देऊन काय होणार होते? आणि वेगळ्या वसाहतीत गावाची मुले शिकायला येऊ लागली, तेव्हा ती वेगळी तरी किती राहिली? चंद्रपूर-गडचिरोलीत आजही नवे रुग्ण सापडतात. अंगावरचा बधिर, फिकट चट्टा लपवून ठेवणारेही सापडतात, आणि उशीर होतो तो बहुतेकदा त्या लपवण्यामुळेच.

बाबांचे स्वतःचे शरीरही फार काळ धड राहिले नाही. मणक्यांचा आजार बळावला आणि बसणे अशक्य झाले. उभे राहता येई किंवा आडवे पडता येई, एवढेच. त्यांचा पुढचा बराचसा सार्वजनिक काळ या अवस्थेतला आहे. १९८५ मध्ये ते सत्तरीत असताना भारत जोडो यात्रेत तरुण मुले कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघाली, तेव्हा बाबा गाडीत पलंगावर पडून त्यांच्यासोबत गेले. त्याच वर्षी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये ते आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावद येथे राहायला गेले, तेही असेच. दुसऱ्यांना काय उरले आहे ते पाहून काम देणाऱ्या या माणसाने स्वतःलाही तोच हिशेब लावला होता.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या देहाचे दहन केले नाही. ज्या जमिनीत सहा रुग्णांनी पहिली विहीर खणली होती, तिथेच त्यांना पुरण्यात आले.