मेणवलीचे नाना

वाईहून कृष्णेच्या कांठानें कोसभर गेलें म्हणजे मेणवली हें लहानसें गांव लागतें. पेशवाईंतील थोर मुत्सद्दी नाना फडणीस यांचा सहा चौकी वाडा येथें अद्याप उभा आहे. वाड्यामागें नदीवर घाट व देवळें. देवळांजवळ एक मोठी घंटा टांगलेली असून तिजवर बाळ येशूस घेतलेल्या मरीयेचें चित्र व १७०७ हा सन आहे. चिमाजी आपांनीं १७३९ सालीं वसई घेतली, तेव्हां तेथून आलेली ही घंटा असें सांगतात. गेल्या सुटींत आमच्याबरोबर आलेलीं ठाण्याचीं मुलें तिच्यापाशींच सर्वांत अधिक वेळ उभीं राहिलीं.

नानांचें मूळ नांव बाळाजी जनार्दन भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं सातारा येथें झाला. घराण्यांत फडणिशी, म्हणजे राज्याच्या हिशेबाचें काम, चालत आलेलें. देह नाजूक, तरवारीपेक्षां लेखणीच अधिक जवळची. वयाच्या १९ व्या वर्षीं पानिपतच्या रणांतून ते कसेबसे जीव घेऊन परतले. बरोबर नेलेली आई मात्र कायमची अंतरली.

१७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला व राघोबादादांनीं गादीसाठीं इंग्रजांचा आश्रय केला. नाना व इतर कारभारी यांनीं नारायणरावांच्या मागून जन्मलेल्या सवाई माधवरावास तो अवघा चाळीस दिवसांचा असतां पेशवेपद देवविलें. येथून पुढचा इतिहास तर आपल्या अंगणांतलाच आहे. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला. १७७९ सालीं वडगांवास कोंडींत सांपडल्यावर त्यांनीं साष्टी परत देण्याचें कबूल केलें, आणि सुटका होतांच तो करार नाकारला. पुढें महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनें १७८२ सालीं सालबाईचा तह ठरला. त्यांत वसई परत मिळाली. ठाण्यासह साष्टी गेली ती गेलीच. तहास मान्यता देण्यास नानांनीं कित्येक महिने लाविले, यावरून त्यांच्या मनास तो किती लागला असेल हें दिसतें.

बाल पेशव्यास त्यांनीं इतकें जपलें, कीं तो मोठा झाला तरी कारभार त्याच्या हातीं दिला नाहीं. आम्हां शिक्षकांस ही चूक तहांतल्या तोट्याहूनही मोठी वाटते. १७९५ सालीं, वयाच्या २१ व्या वर्षीं, शनिवारवाड्यांत उंचावरून पडून माधवराव वारले.

१७९७ च्या मार्चमध्यें अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन आपण होऊन अधिकार सोडून माउंट व्हर्नन येथील आपल्या शेतावर परतले. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरास नाना दौलतराव शिंद्यांच्या कैदेंत पडले. वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजीं स्वतःच्या घरीं वारले. नाना कैदेंतून सुटून पुन्हां कारभारांतच गुंतले होते. १३ मार्च १८०० रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला.

मेणवलीच्या वाड्यांत पुढें राहिली ती त्यांची विधवा जिऊबाई. नाना वारले तेव्हां ती अगदीं पोर होती. नानांचें मोठें दप्तरही त्याच वाड्यांत होतें; इतिहाससंशोधकांस तें फार मागाहून मिळालें.