इतिहासात रमणाऱ्या पोराने केमिस्ट्री का घेतली? गोष्ट प्रफुल्लचंद्र रायांची

गोष्ट आहे १८८० च्या आसपासची. कोलकात्यातल्या एका भाड्याच्या खोलीत कॉलेजची दोन पोरं खुडबूड करत बसली होती. पत्र्याची कामं करणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी पातळ पत्र्याचं भांडं बनवून घेतलं होतं. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू भरून प्रचंड तापणारी ज्योत काढायचा त्यांचा बेत होता. वर्गात सरांनी करून दाखवलं होतं, मग आपल्याला का जमू नये?

जमलं नाही. मोठा स्फोट झाला आणि भांड्याच्या चिंधड्या उडाल्या. पोरं मात्र कशीबशी वाचली.

त्यातलाच एक पुढे आचार्य प्रफुल्लचंद्र राय म्हणून ओळखला गेला. भारतातल्या आधुनिक रसायनशास्त्राचे जनक, बंगाल केमिकल्सचे संस्थापक अशी त्यांची ओळख पाठ्यपुस्तकात असते. पण या माणसाला केमिस्ट व्हायचंच नव्हतं. आपण जवळपास चुकूनच केमिस्ट झालो, असं ते स्वतःच सांगायचे.

तर सुरुवातीपासून बघू.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ चा. गाव रारुली, आज ते बांगलादेशातल्या खुलना जिल्ह्यात येतं. वडील हरिश्चंद्र जमीनदार होते. फारसी आणि इंग्रजीचे जाणकार. घरात पुस्तकांची कपाटं भरलेली. मुलांना चांगलं शिकता यावं म्हणून १८७० साली कुटुंब कोलकात्याला आलं आणि प्रफुल्ल हेअर स्कूलमध्ये जाऊ लागला.

१८७४ साली त्याला आमांशाने गाठलं. साधंसुधं दुखणं नव्हतं. शाळा सुटली, गावी परत जावं लागलं, आणि पोट कायमचं नाजूक झालं ते झालंच. पण त्या दोनेक वर्षांत शाळेचा अभ्यासक्रम मागे नसल्यामुळे तो वडिलांच्या पुस्तकांवर तुटून पडला. इंग्रजी साहित्य, इतिहास आणि सगळ्यात जास्त म्हणजे चरित्रं. बेंजामिन फ्रँकलिन, विल्यम जोन्स अशी माणसं साध्या परिस्थितीतून कुठवर पोहोचली, हे वाचायचा त्याला नाद लागला. त्या वयात कुणी विचारलं असतं तर हा मुलगा इतिहासाचा प्राध्यापक होणार, असंच सगळ्यांनी सांगितलं असतं.

मग केमिस्ट्री आली कुठून?

उत्तर अगदीच रुक्ष आहे. विषय सक्तीचा होता म्हणून.

१८७९ साली एंट्रन्स पास होऊन प्रफुल्लने ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन कॉलेजात नाव घातलं. एकतर तिथली फी कमी होती आणि वडिलांवर तोवर कर्ज चढायला लागलं होतं. दुसरं म्हणजे तिथे सुरेंद्रनाथ बॅनर्जी इंग्रजी शिकवायचे. म्हणजे कॉलेज निवडतानाही मनात साहित्यच होतं. पण एफएच्या अभ्यासक्रमात केमिस्ट्री घ्यावीच लागायची आणि मेट्रोपॉलिटनमध्ये विज्ञान शिकवायची सोय नव्हती. त्यामुळे तेवढ्या तासांना प्रेसिडेन्सी कॉलेजात जाऊन बसायचं.

तिथे केमिस्ट्री शिकवायला होते अलेक्झांडर पेडलर. प्रयोग करून दाखवण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. बाटलीत काहीतरी रंग बदलायचं, नळीतून वायू यायचा, पेट घ्यायचा. पुस्तकात वाचलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडायची. प्रफुल्लला या विषयाची ओढ कधी लागली ते त्यालाच कळलं नाही. अभ्यासक्रमातलं पुस्तक पुरेना म्हणून तो मिळतील ती दुसरी पुस्तकं वाचू लागला. मग मित्राच्या खोलीवर छोटी प्रयोगशाळा, आणि मग तो स्फोट.

तरी नुसत्या प्रयोगांच्या मोहाने त्याने विषय बदलला, असं म्हणणं अर्धवट ठरेल. बीएला त्याने विज्ञानाची शाखा घेतली तेव्हा आणखी एक विचार त्याच्या मनात घर करू लागला होता. एडिनबरोला गेल्यावर तो पक्का झाला. जपानसकट सगळे प्रगत देश जगाच्या ज्ञानात काही ना काही भर घालतायत आणि भारत मात्र मागे पडलाय, ही गोष्ट त्याला टोचत होती. इतिहास वाचणाऱ्या पोरालाच असं काही टोचू शकतं, हेही खरं.

एडिनबरोला तो पोहोचला कसा, तेही भारी आहे. मुलाला विलायतेला पाठवायची वडिलांची इच्छा होती, पण पैसे नव्हते. मार्ग एकच होता, गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती. त्यासाठी अख्ख्या भारतातून परीक्षा घेतली जायची आणि अनेक भाषा याव्या लागायच्या. प्रफुल्लने गुपचूप तयारी केली. वर्गातल्या पोरांना सुगावा लागला तेव्हा टिंगलही झाली. निकाल लागला तेव्हा भारतातून दोनच नावं होती. एक मुंबईच्या बहादुरजी नावाच्या पारशी विद्यार्थ्याचं आणि दुसरं प्रफुल्लचंद्र राय.

१८८२ साली तो एडिनबरो विद्यापीठात दाखल झाला. केमिस्ट्रीला अलेक्झांडर क्रम ब्राउन यांच्यासारखे प्राध्यापक मिळाले. केमिस्ट्रीची महत्त्वाची पुस्तकं जर्मनमध्ये होती म्हणून पठ्ठ्याने जर्मनची शिकवणी लावली.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण १८८५ साली, बीएस्सीच्या परीक्षेची तयारी सुरू असतानाच विद्यापीठात एक निबंध स्पर्धा जाहीर झाली. विषय होता, १८५७ च्या उठावाआधीचा आणि नंतरचा भारत.

झालं! जुनं प्रेम उफाळून आलं. प्रयोगशाळा बाजूला पडली आणि प्रफुल्ल लायब्ररीत जाऊन बसला. इतिहास, अर्थशास्त्र, भारताच्या कारभारावरचे ग्रंथ, जे मिळेल ते वाचत सुटला. निबंध लिहिला तो इंग्रज राजवटीवर सडकून टीका करणारा. शिष्यवृत्तीवर शिकणारा विशीतला मुलगा, सरकारी नोकरीची आशा धरून असलेला, आणि तो त्यांच्याच विद्यापीठात हे लिहितो! बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी निबंधाची तारीफ केली, पण त्यातली कडवट टीका त्यांना खटकली. प्रफुल्लने तो स्वतः छापून विद्यार्थ्यांमध्ये वाटला. ब्रिटिश खासदार जॉन ब्राइट यांनी त्याला सहानुभूतीचं पत्र पाठवलं आणि ते वर्तमानपत्रांत गाजलं.

इथे गाडी कायमची रूळ बदलू शकली असती. नाव झालं होतं, विषय आवडीचा होता. पण प्रफुल्ल मन आवरून प्रयोगशाळेत परतला. १८८७ साली तांबे आणि मॅग्नेशियम गटातल्या सल्फेट क्षारांवर काम करून त्याने डीएस्सी मिळवली.

१८८८ साली डॉक्टर होऊन प्रफुल्लचंद्र भारतात परतले आणि जवळपास वर्षभर बेकार होते. शिक्षण खात्यातल्या वरच्या जागा विलायतेतून भरल्या जायच्या आणि तिथे भारतीयांना दार जवळजवळ बंद होतं. ते मित्र जगदीशचंद्र बोस यांच्या घरी राहिले आणि वेळ जावा म्हणून झाडं गोळा करून ओळखत बसले. शेवटी १८८९ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात सहायक प्राध्यापकाची नोकरी मिळाली, पगार महिना २५० रुपये. अन्यायाची तक्रार घेऊन ते शिक्षण संचालक आल्फ्रेड क्रॉफ्ट यांच्याकडे गेले. ही नोकरी करायची तुमच्यावर कुणी सक्ती केलेली नाही, या अर्थाचं उत्तर मिळालं.

त्यांनी नोकरी घेतली. ज्या कॉलेजात पेडलरांनी त्यांना वेड लावलं होतं, तिथेच आता ते पोरांना वेड लावू लागले. हाड जाळून पांढरी राख करायची आणि त्यातली चिमूटभर वर्गासमोर तोंडात टाकायची. उरलं ते नुसतं कॅल्शियम फॉस्फेट, त्यात प्राण्याचं काही राहिलेलं नाही, हे सोवळ्यात वाढलेल्या पोरांना दाखवायची त्यांची ही पद्धत. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस त्यांच्याच वर्गात बसले.

१८९६ साली पारा आणि थंड, पातळ नायट्रिक आम्लाच्या प्रयोगात त्यांना अनपेक्षितपणे पिवळे स्फटिक मिळाले. हे मर्क्युरस नायट्राइट. एरवी टिकणं अवघड असलेलं संयुग त्यांनी स्थिर रूपात मिळवलं होतं. त्याआधी १८९२ साली जेमतेम ७०० रुपयांत त्यांनी औषधांचा कारखाना घरातच सुरू केला होता. १९०१ मध्ये त्याची बंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स ही कंपनी झाली.

याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले कोलकात्यात त्यांच्या शेजारी राहत होते. गोखल्यांकडे मुक्कामाला आलेल्या गांधीजींची रायांशी ओळख झाली ती तिथेच. महिना ८०० रुपये मिळवणारा हा प्राध्यापक स्वतःसाठी फक्त ४० ठेवतो आणि बाकीचे लोकांसाठी देतो, अशी ओळख गोखल्यांनी करून दिली होती.

आणि इतिहासाचं काय? तो सुटलाच नव्हता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून त्यांनी भारतातल्या जुन्या रसविद्येच्या पोथ्या हुडकायला घेतल्या. संस्कृत हस्तलिखितं वाचली आणि १९०२ साली 'हिस्टरी ऑफ हिंदू केमिस्ट्री'चा पहिला खंड काढला. हे पुस्तक लिहायला केमिस्ट लागत होता आणि इतिहासाचं वेड असलेला माणूसही.

१९२१ साली वयाची साठ वर्षं झाल्यावर त्यांनी विद्यापीठाकडून पगार घेणं बंद केलं. सायन्स कॉलेजातल्याच एका खोलीत राहायचे, लग्न केलंच नव्हतं. १६ जून १९४४ ला ते गेले. शेवटच्या काही वर्षांत, ऐंशीच्या घरात असताना, 'कलकत्ता रिव्ह्यू' या मासिकात त्यांचे लेख येत होते. ते केमिस्ट्रीवर नव्हते, शेक्सपिअरवर होते.